काळी दोन

वायर नेहमी तिच्या कलाने गुंडाळायची,
कोपराभोवती पिळून नाही.
एक वेढा सरळ, एक उलटा.
हे मला शिर्सेकरांनी शिकवलं, घाटल्याच्या गल्लीत.
हळदीच्या मांडवांत पंचवीस वर्षं स्पीकर लावून
त्यांचा डावा कान गेला, आणि उजवा
फक्त पैशाचं ऐकतो.

आता मी श्रमिकाच्या वायरी गुंडाळतो.
पोस्टरवर तिचं नाव 'काळी दोन',
सगळ्यात खाली,
जिथे चिकटपट्टी लावली की अर्धं झाकलं जातं.

दिवसा ती कांजूरला, पॅथॉलॉजीत.
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते,
नळ्या समोरासमोर जोडीनं बसवते,
झाकण लावून यंत्र फिरवते.
मी बाबांच्या साखरेचा रिपोर्ट न्यायला गेलेलो,
तेव्हा ती डबा खाता खाता थांबली,
पोळीचा घास हातात तसाच,
म्हणाली, ऐका, हे काळी दोनमध्ये गातंय.
मला काय कळतंय.
तिनं फोन यंत्राला टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा,
आणि वर मलाच दटावलं:
श्वास नका घेऊ.

अशी आमची ओळख.

काल अंधेरीला फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात
तिचा नंबर पावणेएकला लागला.
ऐकायला नऊ जण.
त्यातले दोघं तिच्यानंतर वाजवणारे,
एक मामेभाऊ,
एक चार्जर शोधत आलेला.
मानधन म्हणून सरबताची दोन कुपनं
आणि पुढच्या वेळी बघू.

आधी तिनं नुसतं ते यंत्र सोडलं.
कुणाला वाटलं पंखा बिघडला, एकानं वर पाहिलंही.
मग त्याखाली ठेका आला,
नमुन्यांच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यावर
तिचीच चार बोटं.
मग कुठूनसा काउंटरवरच्या बाईंचा आवाज,
कापून कापून, मागेपुढे करून:
उपाशीपोटी आहात ना?
उपाशीपोटी आहात ना?
उपाशी, उपाशी, ना, ना,
आणि ते नऊच्या नऊ माना हलवायला लागले
जणू आपण उपाशी आहोत
हे त्यांना आत्ताच कळलं.

तेवढ्यात फ्यूज उडाला.

काळोखात एक खुर्ची सरकली.
कुणीतरी कुणाच्या तरी आईची आठवण काढली.
मी गुडघ्यांवर, वायरींमध्ये टॉर्च चाचपतोय,
आणि मागून, मोरीकडून,
टक. टक. टक.
आणि एक जागा रिकामी.
ग्लास विसळणारा पोरगा.
सगळा वेळ पाठमोरा होता तो,
एकदाही वळून बघितलं नव्हतं.
ओल्या तळव्यानं स्टीलच्या पिंपावर
तिचा ठेका धरून ठेवलेला,
रिकामी जागासुद्धा तिच्याएवढीच सोडत होता.

किती वेळ, कुणास ठाऊक.
कुणी बोललं नाही. मामेभाऊसुद्धा.

दिवे आले तेव्हा तिनं पहिल्यापासून सुरू केलं नाही.
त्याच्या त्या रिकाम्या जागेत
यंत्र अलगद आणून ठेवलं,
नळीवर नाव चिकटवते तसं,
एकदाच, वाकडं न होता.

तीन वाजता फुटपाथवर भुर्जी खाताना म्हणाली,
त्याचं नाव काय होतं रे?
मी विचारलंच नव्हतं.
परत गेलो तर शटर खाली,
बाहेर ग्लासांचे क्रेट उपडे घातलेले, पाणी गळत.
तिची पाळी सव्वाआठची. ती रिक्षातच झोपली.

सकाळी स्पीकर परत द्यायला गेलो.
शिर्सेकरांनी वायरीचा एकेक वेढा बोटानं तपासला.
माणसं किती होती?
दहा, म्हटलं.
त्यांनी उजवा कान पुढे केला.
मी जरा मोठ्यानं म्हटलं,
दहा.