त्याला सांग

पहाटे चारला ग्लादिसने भोंगा वाजवला तेव्हा
दोघे आधीच ट्रकच्या हौद्यात बसलेले,
एकाचं तोंड उत्तरेला, एकाचं दक्षिणेला,
मध्ये आमिषाची बादली.
माझी जागा बादलीला टेकून.
अकरा वर्षं तीच आहे.

ओविदियो आणि वाल्तेर. पाठचे भाऊ.
बापाचं रान विकलं त्या दिवसापासून अबोला.
मासेमारीला जाणं तेवढं सुटलं नाही,
कारण नोव्हेंबरात वालिसासच्या किनाऱ्याला
काळा कोर्विना लागतो,
आणि तो कुणाच्या वाटणीपत्रासाठी थांबत नाही.

वाळूत नळ्या रोवल्या, टोकांना घुंगरं अडकवली.
शिंपल्यांतलं मांस दोऱ्याने करकचून बांधलं,
इथले खेकडे फुकटे.
"त्याला सांग," ओविदियो म्हणाला,
"शिसं हलकं आहे. पाणी उत्तरेला ओढतंय."
वाल्तेर चार हातांवर उभा. ऐकू गेलेलं असतंच.
तरी मी सांगतो.
"त्याला सांग, चाळीस वर्षं गळ टाकतोय मी."
तेही सांगतो.

भोपळ्यातला कडू येर्बा फिरत राहतो,
ओविदियोकडून माझ्याकडे, माझ्याकडून वाल्तेरकडे.
हात हाताला लागत नाही,
पण नळी एकच, धातूची, चटका देणारी,
आणि ती तोंडाला लावण्याआधी
कुणी कधी पुसलेली मी पाहिली नाही.

दुपार.
टेकड्यांवरून वाळू उडून डब्यातल्या तळलेल्या पोळ्यांवर.
दात कचकचतात.
फेसापलीकडे समुद्रसिंहाचं काळं डोकं वर येतं,
सावकारासारखं सगळ्यांकडे बघून घेतं,
बुडतं.
ग्लादिसने एव्हाना तीन पेस्कादिया काढले,
कुणाचा सल्ला न घेता.

साडेतीनला दोन्ही घुंगरं एकदम वाजली.

दोन्ही काठ्या वाकल्या, दोन्ही चक्रं किंचाळली,
दोरे पाण्यावर एकमेकांना कापत गेले,
मासा एकच होता
आणि तो दोघांना ओढत होता.
मी मध्येच उभा, सांगायला काही नाही,
सांगायला वेळ नाही,
तेवढ्यात ओविदियो ओरडला,
"ढील दे! वाल्तेर, ढील दे!"

वाल्तेरने ढील दिली.

डोकं पुन्हा वर आलं, या वेळी जवळ.
ग्लादिस पोळ्यांचा डबा बडवत पाण्यात धावली,
मी कंबरभर लाटेत,
चपला कुठे गेल्या ते समुद्रालाच ठाऊक.
बोटं कल्ल्याखाली घातली. मागे सरकलो. पडलो.
तो माझ्या मांडीवर.
वीस किलो तरी असेल.

कोर्विना पाण्याबाहेर बोलतो,
पोटातून,
बंद दारावर कुणी मुठीने ठोकावं तसा.
ठोकत राहिला. आम्ही चौघे ऐकत राहिलो.
गळ ओविदियोचा, जबड्यात.
शेपटीला तीन वेढे वाल्तेरच्या दोऱ्याचे.

खूप वेळ कुणीच सुरी काढली नाही.

"त्याला सांग," वाल्तेर म्हणाला, "मासा त्याचा आहे. गळ त्याचा."
मी सांगितलं.
ओविदियोने वाळूत थुंकून घेतलं,
दोऱ्याची गाठ बोटांनी चाचपली.
"त्याला सांग, शेपूट धरली नसतीस
तर गेला होता."

धरली नसतीस.
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
हा निरोप मी पोचवला नाही.

परतताना बादलीच्या जागी मासा होता, ओल्या पोत्यात.
पोत्याशेजारी माणूस मावत नव्हता,
म्हणून मी पुढे, ग्लादिसच्या बाजूला,
अनवाणी पाय एंजिनाच्या उबेवर ठेवून.
मागची काच मिठाने आंधळी झालेली.
तिच्यातून काहीतरी ऐकू येत होतं,
शिसं, प्रवाह, रान, पुन्हा शिसं.

ग्लादिसने बाहेरच्या आरशात पाहिलं.
"भांडतायत," म्हणाली,
आणि गाडी हळू केली.