मधले आठ

मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या लिलावात
गंजक्या खाटेबरोबर आली ही तबकडी, सव्वा रुपयात.
आठ आवर्तनं. तीच पुन्हा आठ.
मग ओरखडा, बोटाएवढा.
घर्र्... आणि सुई थेट शेवटच्या आठांवर.
पैलतीर दिसायचा,
पूल नव्हता.

शांतवनअप्पा बँडच्या तालमीला सांगलीवाडीला जायचे,
क्लॅरिनेट सायकलच्या कॅरिअरला बांधून.
आयर्विन पुलावर एकदा
हळदीच्या ट्रकमागं अडकले,
तिथं सुचले त्यांना ते आठ:
घरचा षड्ज सोडून
परक्या षड्जावर जरा टेकणारे,
परतताना एका पायानं अडखळणारे.

बत्तीस वर्षं
वराती नाचल्या त्या अडखळण्यावर.

मी पुण्याहून कॅसेट आणली.
हेच गाणं, सात जणांनी वाजवलेलं.
एकात बाई गाते, पेंगुळल्यासारखी.
एकानं तर चालच टाकलेली,
नुसता स्वरमेळाच्या खांबाखांबांवरून चालतोय.
मधले आठ मात्र सातांतही तेच,
ओरखड्याशिवाय.

अप्पा रीड ओठांत भिजवत राहिले.
"परत लाव," म्हणाले.
लावलं.

"यांनीबी
बरा बांधलाय की."