गेट नंबर दोन

रात्री पावणेदोनला पाचंगेचा फोन :
"मलाकाल परत पेटलंय रे."
बस, एवढंच. मग दोघंही गप्प,
तो विक्रोळीच्या एटीएममध्ये,
मी भांडुपच्या टॉवरखाली.

तिथंही, निळ्या टोप्यांत, गेटच सांभाळलं आम्ही.
एका रात्री हुकमाची वाट न बघता
पाचंगेनं कडी काढली,
आणि नाईलकाठची अख्खी वस्ती
चटया, शेळ्या, म्हाताऱ्यांसकट आत आली.
न्याचान नावाची पोर माझ्या बुटांवर बसून
एक, दोन, तीन शिकली;
सातावर अडायची.

आता त्या कडीला कुणाचा हात असेल?

पार्सलवाला आला. रजिस्टर सरकवलं :
नाव, फ्लॅट, वेळ.
"काका, सही कुठं?"
मी बोट ठेवलं
सातव्या ओळीवर.
ते उचलेना.