यजमान

सिमरोलचा घाट उतरला की डाव्या हाताला जो ओढा लागतो
त्यात भाद्रपदातही धड ऊन पोचत नाही.
तिथे गुडघे टेकून मी पानांच्या पाठी वाचते.
वरून जाणाऱ्यांना वाटतं, बाईंचं काही हरवलंय.
केरसिंग त्यांना ओरडून सांगतो,
"मॅडम बिमारी ढूँढ रही हैं."

खरंच आहे.
करंजाच्या पानावर तांबेरा, दोन पाकिटं.
रानगवताच्या कणसात काणी,
बोट लावलं की काजळ.
भुरी मी घेत नाही. ती बागेतली, माणसाळलेली.

आणि आज ही मुंगी.
जमिनीपासून वीतभर वर, पानाच्या मधल्या शिरेत
जबडा रुतवून मेलेली.
मानेमागून निघालेला एक काळा देठ,
दाभणाइतका ताठ.
वारूळ सोडून इथवर चढली ती
कुणाच्या पायांनी?

लगेच कापायचं नाही. आधी लिहायचं.
खांबेटे सर म्हणायचे, नोंद नसेल तर तो नमुना नाही,
पालापाचोळा.
तारीख. उंची. पानाची दिशा उत्तर. काल रात्री पाऊस.
पुढचा रकाना: यजमान.

सरांनी हा शब्द फळ्यावर लिहिला
तेव्हा मागच्या बाकावर आम्ही मुली फिसकन हसलो होतो.
सर खडू हातात धरून तसेच उभे.
त्यांना कळलंच नाही.

आता देवासच्या वन्सं फोनवर विचारतात,
"यजमान काय म्हणतात?"
मी सांगते, बरे आहेत, साखर जरा वाढलीय.
इथे लिहिते: मुंगी, कामकरी,
उजवी मिशी तुटलेली.
कोण कुणाच्या जिवावर, त्याला रकाना नाही.
बत्तीस वर्षं झाली, मलाही नक्की सांगता येणार नाही.

केरसिंगने काडेपेटी रिकामी करून दिली,
काड्या खिशात ओतल्या.
पेटीला त्याने पुन्हा हात लावला नाही.
नमुना चारशे सतरा.
बसमध्ये कंडक्टर म्हणाला, पिशवी वर ठेवा.
म्हटलं, राहू दे मांडीवर.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते.
हे टीव्हीसमोर झोपलेले, चष्मा छातीवर.
फ्रिज उघडला.
वरच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या शेजारी,
काडेपेटीएवढी जागा
आधीच करून ठेवलेली.