आश्रित

रोल्याच्या मागे, शिंप्याच्या शेजारी टायपिंग सेंटर.
दर मार्चला बाबा आणि मी तिथे जातो.
अश्रफभाई न विचारताच कीबोर्ड बडवतो:
मुलगी. वय तेहतीस. अविवाहित.
शारजातला माझा जन्म, शाळा, दातांचा डॉक्टर,
सगळं त्या शेवटच्या शब्दाला टांगलेलं.
बाबा सही करतात, पेनाला टोपण लावतात,
"एवढं शेवटचं होवो," म्हणतात.
मी मनात म्हणते, नको.

किती खरा शब्द आहे तो.
त्याच्या आड उभं राहिलं की
कुणाला काहीच दिसत नाही.

आई म्हणते, आपल्याकडे तिशीनंतर स्थळं येत नाहीत.
आपल्याकडे म्हणजे देवरुख,
जिथे मी सगळ्या सुट्ट्या मिळून चौदा महिने राहिले.
तिथे मी दुबईवाली.
दुबई वेगळी, शारजा वेगळं,
हे समजावणं मी कधीच सोडून दिलं.
त्याबरोबर आणखीही काही समजावायचं राहिलं.

शुक्रवारी हुमेरा येते, राजापूरची,
जुबैल बाजारातून शेरी साफ करून घेऊन.
आई कालवणाची पहिली वाटी तिच्यापुढे सरकवते:
मैत्रीण असावी तर अशी.

मैत्रीण.
या शब्दात आम्ही नऊ वर्षं राहतोय.
भाडेकरार नाही, दारावर पाटी नाही,
पाहुणे आले की अंथरूण गुंडाळून ठेवायचं.
रात्री खाडीकाठी, गाडीच्या काचा वर करून
ती म्हणते, आपण आता निघू या,
आणि मी बसून राहते
त्या 'आपण'मध्ये, आणखी पाच मिनिटं.

यंदा सही करताना बाबांचा हात थांबला.
नोव्हेंबरात ते निवृत्त होतात.
त्यांचा व्हिसा संपला की माझाही.
परतताना किंग फैसल रस्त्यावर सिग्नल लागला.
एसीची झडप माझ्याकडे वळवत,
समोरच्या पाण्याच्या टँकरकडे बघत ते म्हणाले,
"हुमेराला विचार.
ती ठेवून घेईल तुला."

"तिची कंपनी," मी म्हटलं.

"हो, कंपनीच,"
म्हणाले. सिग्नल सुटला होता.
मागे हॉर्न वाजत होते.
बाबा काही केल्या गिअर टाकेनात.