चावीवाला

बुधवारी जुन्या बाजारात
गंजके नळ, एकेकटे बूट आणि रेडिओची आतडी
यांच्यामध्ये ते पालथं पडलं होतं.
पत्र्याचं इंजिन. हिरवं. चिमणीवर
कुणाच्या तरी दुधाच्या दातांच्या खुणा.
मी आधी पान्याची किंमत विचारली,
मग कढईची, मग आपलं सहज म्हणून इंजिनाची.
बाई हसली. "पान्याला साठ.
ज्याच्याकडं बघत नाही त्याला सहाशे."

चावी नव्हती. चावी कधीच नसते.
मुलं मोठी होतात, घरं बदलतात,
सगळ्यात आधी चावी जाते.
भवानी पेठेत अब्बासभाई घडीवाल्यांनी
गजराच्या घड्याळांच्या एकोणीस चाव्या लावून पाहिल्या,
विसावी बसली.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
"चालली की बोलवा."

हे बोलावणं सुरू झालं ते तिथून.
त्याआधी मी एकटाच चालवायचो, रात्री, दिवा मालवून.
एकट्याची गाडी गोल फिरते
आणि आपल्याकडेच परत येते.

आता महिन्याचा दुसरा रविवार, दहा ते साडेबारा,
सहकारनगर, पहिला मजला, पुढची खोली.
सोफा गॅलरीत जातो. हेमांगी चहाचं बघते
आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटते,
की लोकांचे नवरे दारू पितात,
बाटलीला निदान जागा कमी लागते.

प्लायवूडवर रूळ. भुसा रंगवून केलेलं गवत,
रद्दीच्या लगद्याचा घाट, तीन बोगदे,
एक सिग्नल, जो पडतो आणि उठायला विसरतो.
जर्मन डबे आहेत, एक जपानी गाडी आहे,
आणि एक दिल्लीकडची, जिच्या डब्यात डोकावलं तर
आतून गोडेतेलाच्या डब्याची उलटी अक्षरं दिसतात.
माझी सगळ्यात लाडकी तीच.
भिंतीवर पाटी : हात लावू नये.
खाली बारीक अक्षरात : मोठ्यांनीही.

गेल्या खेपेला लहानू ओव्हाळ आले,
घोरपडीहून, नातीचं बोट धरून.
रेल्वेत होते म्हणे. मी विचारलं, "ड्रायव्हर?"
"चावीवाला."
मला वाटलं, थट्टा करतायत.

मग चहा बशीत ओतत सांगितलं त्यांनी :
हडपसर ते मांजरी, रोज, पायी,
खांद्यावर हातोडा, पिशवीत झेंड्या,
रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी
जागेवर आहे का बघायची.
ढिली झाली असेल तर ठोकायची.
उन्हात रूळ फुगतो, थंडीत आखडतो, माणसासारखाच.
एकतीस वर्षं.
"गाडीत बसलो ते बोटावर मोजून सांगतो.
गाडी आली की आपण बाजूला व्हायचं."

बशी ठेवली. पाटी वाचली, नीट, दोन्ही ओळी.
आणि रुळावर बोट ठेवलं.
बोट हळूहळू घाट चढलं, वळणावर रेंगाळलं,
दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी थांबलं.
"हितं उचललाय."

तिथेच.
तीन वर्षं माझी गाडी तिथेच घसरते.
मी चाकं घासली, डब्यांत शिसं भरलं,
न्यूरेम्बर्गच्या एका म्हाताऱ्याला पत्रं लिहिली,
त्याची लांबलचक उत्तरंही आली.
ओव्हाळांनी काडेपेटी मागितली.
एक काडी सुरीने तासली, रुळाखाली सरकवली,
अंगठ्याने दाबली.
गवताचा भुसा अंगठ्याला लागला तो
सदऱ्याला न पुसता परत जागेवर झटकला.

अब्बासभाईंनी चावी दिली, पुरते अकरा वेढे.
हिरवं इंजिन घाट चढलं, बोगद्यात शिरलं.
हेमांगीसुद्धा गाळणं हातात घेऊन दारात.
ते बाहेर आलं, तिन्ही डब्यांसकट,
नातीने टाळ्या पिटल्या,
आणि ओव्हाळ, सवयच ती,
टेबलापासून एक पाऊल
बाजूला झाले.