छाट

गिरणीच्या कंपाउंडाला लागून आमच्या चाळी.
भोंगा बंद झाला तेव्हा मी चौथीत.
नंतरही कितीतरी दिवस माणसं
भोंग्याच्या वेळेला डबा घेऊन दारात यायची,
आणि काहीतरी विसरल्यासारखं करून आत जायची.

मी पेंटर. पाट्या रंगवतो.
'टॉवेल होलसेल मिळतील', 'बॉबिन भरून मिळेल',
'येथे थुंकू नये'.
पहिली पाटी सोळाव्या वर्षी, फुकट,
शेजारच्या शंकरम्माच्या दारावर,
पत्र्याच्या तुकड्यावर, उरलेल्या ऑइलपेंटने:
येल्लप्पा राजय्या कुडक्याल.

माणसाचं नाव येल्लय्या होतं.
मला तेलुगू येत नव्हतं, कानाला आलं ते लिहिलं.
तो पाटीकडे बघून हसला. म्हणाला,
राहू दे, अक्षर चांगलंय.
चौदा वर्षं ते चांगलं अक्षर दारावर राहिलं,
त्यातली शेवटची पाच त्याच्याशिवाय.

मग सर्वे आला. टॅब घेतलेली दोन पोरं,
आणि रोजंदारीवर मी, लाल रंगाचा डबा घेऊन.
ते सांगतील तो आकडा दारावर टाकायचा.
आकड्याभोवती गोल म्हणजे पात्र.
गोल नाही म्हणजे नाही.
दाराला बारा रुपये.
घाई होती, ऊन होतं,
नावं त्यांनी पाट्यांवरून उतरवून घेतली.

रेशनकार्डावर येल्लय्या, यादीत येल्लप्पा.
साहेबांच्या हिशेबाने ही दोन माणसं,
दोन्ही मेलेली,
आणि शंकरम्मा दोघांपैकी कुणाचीच नाही.

तिच्या दारावर सत्तेचाळीस मीच काढला.
गोल न काढता
ब्रश डब्यात बुडवून उभा राहिलो थोडा वेळ.
ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती.
"काय लिवलालास रे?"
मी सांगितलं.
ती म्हणाली, छाट म्हण की.

छाट तिला माहीत.
चेकर मूठभर विड्या उचलतो,
दोन बोटांत दाबून बघतो, बाजूला टाकतो.
हजारात पन्नास-साठ तर जातातच.
"पण छाट झालेल्या विड्या काय फेकतोय व्हय तो?
ठेवूनच घेतोय.
तसंच घर ठेवून घेतील बघ."

आता ती कुंभारीच्या पलीकडे भाड्याने असते.
ब्रँच अजून इकडेच.
सूप मांडीवर, फडक्यात ओली पानं,
रिक्षात चौथ्या सीटवर अर्धी बाहेर.
जायला तीस, यायला तीस.
हजार विड्यांतल्या किती नुसत्या रिक्षासाठी वळायच्या,
हा हिशेब तिने मला बोटांवर करून दाखवला होता,
मी तो विसरलो.

चाळींच्या जागी अकरा मजले.
नाव 'धोटा रेसिडेन्सी'.
माग किलोवर भंगारात गेले,
एक तेवढा पॉलिश करून लॉबीत ठेवलाय,
भोवती दोरी, शेजारी 'हात लावू नये'.
ती पाटी माझी नाही, छापील आहे.

मॅनेजरचा फोन आला.
फ्लेक्स नको, हाताने काढलेलं पाहिजे,
जुन्या सोलापूरचा फील.
मागावर विणकर, समोर चादर.
विणकर जरा तब्येतीने काढा. आणि हसरा.

नऊ दिवस भिंतीवर होतो.
चेहरा कुणाचा काढायचा याचा विचार करावा लागला नाही.
चादरीच्या किनारीत, नक्षीच्या आत नक्षी,
बारीक तेलुगू अक्षरांत
पुन्हा पुन्हा एकच नाव.
अक्षरं दर्ग्यामागच्या शिंप्याकडून
वहीत उतरवून घेतली होती.
मॅनेजर म्हणाला, बॉर्डर छान आलीय. पारंपरिक ना?

शंकरम्माला सांगायला गेलो.
"किती दिले?"
आठ हजार.
बरं म्हणाली. चहा ठेवते म्हणाली, ठेवला नाही.
बोटं चालूच.
मग खूप वेळाने, सुपातून वर न बघता:
"य्या नीट काढलास का रे आता?"

हो म्हणालो.
खरं तर मला ते अक्षर वाचता येत नाही.
पुन्हा जाऊन बघावं तर
गेटवर नाव विचारतात.